सोमवारी या

सांगलीत हळदीच्या पेठेलगत एका बोळात, पहिल्या मजल्यावर दातांचा दवाखाना आहे. पाटीवर नाव डॉक्टरांचं, भिंतीवरच्या पदव्या डॉक्टरांच्या, आतली खुर्ची, दिवा, घरघरणारं यंत्र सगळं डॉक्टरांचं. पण गावात कुणालाही विचारा, ‘दात कुठं दाखवलास?’ उत्तर येतं, ‘ताईंच्यात.’

ताई दात बघत नाहीत. त्या वही बघतात. लाल पुठ्ठ्याची, उभी, लांबलचक वही. दिवसाला एक पान आणि पानावर ताईंनी पट्टीनं मारलेल्या ओळी. निळ्या पेनानं लिहिलेला माणूस वेळेवर येणारा, लाल पेनानं लिहिलेला आजच्या आज बघायचा, आणि पेन्सिलीनं लिहिलेला म्हणजे ‘येतो’ म्हणून न येणारा. पेन्सिलीतून निळ्या शाईत जायला काहींना वर्षं लागली आहेत. वहीशेजारी प्लास्टिकचा एक दांडगा जबडा असतो. पोरांना ब्रश कसा फिरवायचा हे दाखवायला औषध कंपनीच्या माणसानं दिलेला. ताईंनी त्याला दुसऱ्याच कामाला लावलंय. ज्यांचे पैसे यायचे आहेत त्यांच्या चिठ्ठ्या त्या जबड्याच्या दातांत धरलेल्या असतात. उसाचं बिल जमा झालं की माणूस येतो, ताई जबडा उघडतात, चिठ्ठी काढतात, त्याच्यासमोर फाडतात. व्याज नाही, तगादा नाही. चिठ्ठी तेवढी येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचता येईल अशी अडकवलेली असते.

ही जात प्रत्येक गावात असते. दवाखाना डॉक्टर चालवतात अशी डॉक्टरांच्या घरच्यांची समजूत असते, आणि ती कुणी मोडू नये. पण दाराशी बसलेली ही बाई नसेल तर डॉक्टरांच्या हातात चिमटा यायच्या आधी दुपार होईल. ताईंचं शिक्षण बी.कॉम. पहिलं वर्ष. पुढचं सगळं त्या टेबलामागं झालं. डॉक्टरांनी दवाखाना काढला तेव्हापासून त्या तिथं आहेत, आणि डॉक्टर त्यांना ‘अहो ताई’ म्हणतात तेव्हा त्यांच्या आवाजात मालकाचा सूर नसतो, उशिरा आलेल्या विद्यार्थ्याचा असतो.

माझी त्यांची ओळख आईच्या कवळीमुळं झाली. कवळी एका फेरीत होत नाही. आधी माप, मग मेणाचा चावा, मग बसवून बघणं, मग पक्की. आणि त्यानंतर ‘इथं टोचतंय’ या तक्रारीचा हंगाम. आई आत बसून कुठं टोचतंय ते सांगायची. मी बाहेर बाकावर बसून ताईंचे फोन ऐकायचो. आईची कवळी नीट बसल्यावर मला थोडं वाईटच वाटलं.

‘बोला.’

ताईंचा फोन इथून सुरू होतो. हॅलो नाही, नमस्कार नाही. समोरचा सांगतो, लई दुखतंय, जीव जातोय. त्याचा ताईंवर काही परिणाम होत नाही. जीव जातोय याला त्यांच्या वहीत रकाना नाही. त्यांचे प्रश्न ठरलेले. ताप आहे? गाल सुजलाय? सूज कुठं सरकतेय, डोळ्याकडं का गळ्याकडं? थुंकी गिळता येते? श्वासाला काही? स्वतःची तीन बोटं उभी धरून तोंडात घाला, जातात का? कुठं आपटलात, पडलात? रक्त थांबत नाही असं काही आहे? साखर आहे? रक्त पातळ करायची गोळी चालू आहे? एवढ्या सगळ्यात काळजीचं काही निघालं नाही की ताई पान उलटतात. फोन शनिवारी संध्याकाळी आलेला असतो, कारण सांगलीत दाढा शनिवारी संध्याकाळीच दुखतात. सोमवार ते शुक्रवार माणसं कामात असतात, तेव्हा दाढेला कुणी विचारत नाही.

‘सोमवारी या. पहिला नंबर देते.’

‘अहो पण मी तोवर मरंन!’

‘तीन बोटं गेली ना तोंडात? मग नाही मरत. अल्सर, किडनी, दमा असलं काही नसेल तर डॉक्टरांनी मागं दिलेली गोळी जेवून घ्या. उशी उंच घ्या. आणि दाढेत काही कोंबू नका.’

फोन ठेवल्यावर त्या माझ्याकडं न बघता म्हणाल्या, ‘ह्यो ओरडतोय. ओरडणाऱ्याचं मला भ्या वाटत नाही.’

मला तेव्हा हे दगडाच्या काळजाचं बोलणं वाटलं होतं.

ओरडणारे कसे असतात ते मग रोजच बघायला मिळालं. त्यातला एक डोळ्यांपुढून हलत नाही. आडतीवरचा तरणाताठा माणूस. एका हातात मोटारसायकलची किल्ली आणि दुसऱ्या हातात थंडगार पाण्याची बाटली. दर अर्ध्या मिनिटाला घोट घ्यायचा, तो गालात धरायचा, कळ गेली की गिळायचा, आणि लगेच पुढचा घोट. रात्रभर तीन बाटल्या झाल्या म्हणाला. बायको फ्रीजपाशी उभी होती म्हणे. बाकी सगळे त्याच्याकडं दयेनं बघत होते. ताईंनी बाटलीकडं बघितलं आणि लाल पेन उचललं. ‘गरम चहानं दुखतंय, गारानं बरं वाटतंय?’ त्यानं मान हलवली. ‘आधी उलटं होतं ना? गारानं झिणझिणायचं?’ त्यानं परत मान हलवली, आणि ही बाई आपल्या दाढेला ओळखते की काय अशा नजरेनं बघत राहिला. ‘शीर चाललीय,’ ताई म्हणाल्या आणि त्याला आत सोडला.

डॉक्टरांनी मग मला समजावून सांगितलं. शरीरात बहुतेक ठिकाणी सूज आली तर तिला पसरायला जागा असते. दाताच्या पोटातल्या मऊ भागाला ती नाही. भोवती कवच आहे. आत रक्त वाढलं की दाब वाढतो, आडवं झालं की डोक्याकडं रक्त जास्त येतं, म्हणून दाढ रात्री अंथरुणाची वाट बघत असते. शेवटी शेवटी तर गरम सोसत नाही आणि गार पाण्यानं तेवढ्यापुरता आराम पडतो. बाटलीवाला माणूस आला की रूट कॅनल नाहीतर दात काढणं, तिसरी वाट क्वचितच. त्याची कळ खरी होती, भयंकर होती. पण त्याची दाढ अजून बोलत होती.

ताईंचा राग असतो तो दाढ गप्प झालेल्यांवर. हे लोक फोन करून नंबर रद्द करतात. ‘ताई, थांबलं बघा! एकदम थांबलं. काल रात्री शेवटची कळ मारली आणि सकाळी गायब. आता येत नाही.’ आवाजात विजय असतो. आपण दाढेला नमवलं असं त्यांना वाटतं. कुणी त्याचं श्रेय लवंगेला देतं, कुणी देवाला, एकानं तर बायकोशी भांडण मिटल्याला दिलं होतं. ताई एवढंच म्हणतात, ‘शीर मेली असंल. ती मेली की दुखत नाही. आत पू धरतो.’ आणि नाव खोडत नाहीत. पेन्सिलीनं पुढच्या महिन्याच्या पानावर लिहून ठेवतात. चार-सहा महिन्यांनी, बहुधा एखाद्या लग्नाच्या आदल्या दिवशी, तो गाल सुजवून येतो. ताई मागचं पान काढून त्याचं नाव त्याला दाखवतात. मला विचाराल तर हे जरा जास्त होतं. सुजलेल्या माणसाला त्याची तारीख दाखवू नये.

हळदीचं गाव असल्यानं आमच्याकडं पहिला उपचार हळदीचा. 2018 साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं. दाढेतलं तिचं मानांकन त्याआधी कैक पिढ्यांचं आहे. जिना चढून वर आलेल्या माणसानं तोंड उघडलं की पिवळंधमक. डॉक्टर म्हणतात, मी आधी उत्खनन करतो, मग तपासतो. हळदीखाली लवंग, लवंगेखाली हिंग, हिंगाखाली कापूर, सर्वांत तळाशी दाढ. कुणाच्या आजीनं भुईरिंगणीच्या बियांची धुरी दिलेली असते आणि खाली ताटलीत पडलेले पांढरे ‘किडे’ पुडीत बांधून पुराव्यादाखल आणलेले असतात. ते किडे म्हणजे उष्णतेनं फुटलेल्या बियांचेच अंकुर. ताई ती पुडी घेतात, ‘बरं’ म्हणतात आणि कचऱ्यात टाकतात. वाद घालत नाहीत. आजीशी वाद घालून दवाखाना चालत नाही.

लवंगेला मात्र त्या मान देतात. लवंगेच्या तेलात युजेनॉल असतं आणि डॉक्टरांच्या कपाटातल्या तात्पुरत्या सिमेंटमध्येही तेच असतं. दातांच्या कुठल्याही दवाखान्यात शिरलं की नाकाला जो वास येतो तो याचाच. ‘लवंग खोटी नाही,’ ताई म्हणतात, ‘पण ती सोबतीला असती. डॉक्टर नव्हं.’ कापसाच्या बोळ्यावर एखादा थेंब घेऊन दाढेवर टेकवला तर रात्र निघते. बाटली उपडी केली तर हिरडी भाजते. त्याहून वाईट अ‍ॅस्पिरिन दाढेशेजारी दाबून ठेवणारे. गोळी गिळून काम करते, हिरडीवर ठेवली की कातडी पांढरी पडून सोलून निघते. मग दाढ एक दुखते आणि हिरडी वेगळी. गालाला बाहेरून तवा तापवून शेकणारेही येतात. ताईंच्या भाषेत हे ‘भाजून आलेले’. आत पू असताना बाहेरून शेकू नये, शेकायचंच तर बर्फ रुमालात गुंडाळून धरावा, हे त्या प्रत्येकाला सांगतात आणि प्रत्येक जण ‘पण बरं वाटतंय ओ’ म्हणतो.

आणि एक गृहस्थ आले होते त्यांची निघालेली कॅप स्वतःच घरी चिकटवून. चपलेचा अंगठा ज्यानं चिकटवतात त्यानं. उलटी बसली होती.

पण ताईंचं खरं रूप मी बघितलं ते मे महिन्यातल्या एका दुपारी. फोन वाजला. ‘बोला’ झालं. पलीकडून एका बाईच्या रडण्याचा आवाज बाकावर मला ऐकू येत होता. पोरगं अकरा वर्षांचं, क्रिकेट खेळताना चेंडू तोंडावर बसला, पुढचा दात मुळासकट बाहेर. ताई उभ्याच राहिल्या. त्यांना उभं राहिलेलं मी पहिल्यांदा बघितलं.

‘दात सापडला का? आधी दात शोधा. रडणं नंतर. सापडला? पांढऱ्या भागाला धरा, मुळाला हात लावू नका. माती लागलीय? घासू नका! डेटॉल नको, साबण नको, ब्रश तर नकोच. पाण्याखाली नुसता धरा, पाच-दहा आकडे मोजा, बास. पोरगं शुद्धीवर आहे ना? उलटी, चक्कर? नाही ना? मग दात परत त्याच भोकात बसवता येतोय का बघा, आणि रुमाल चावून धरायला सांगा. नाही धाडस होत? बरं. दूध आहे घरात? दुधात टाका आणि निघा.’

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. ताईंनी डोळे मिटले.

‘गाईचं, म्हशीचं, पिशवीचं, कुठलंही! तापलेलं नको. साखर नको.’

फोन ठेवला, आतल्या पेशंटला बाहेर काढलं, डॉक्टरांना सांगितलं, ‘दात येतोय दुधातनं, तार काढून ठेवा.’ दात पडल्यापासून पहिला अर्धा तास सोन्याचा, तासाभरानं आशा भराभरा कमी होत जाते. मुळाच्या अंगावर ज्या बारीक जिवंत पेशी असतात त्या वाळल्या की दात परत धरत नाही. दुधात त्या काही काळ तग धरतात. कोरड्या रुमालात किंवा नुसत्या पाण्यात ठेवल्या तर मरतात. हे सगळं ताईंना डॉक्टरांनी कधीतरी एकदाच सांगितलं असणार.

वीस मिनिटांत बाप आला. मागं पोरगं, त्याच्या तोंडावर रुमाल, आणि बापाच्या हातात दोन लिटरची किटली. काठोकाठ दूध. जिन्याच्या प्रत्येक पायरीवर थोडं थोडं सांडत आलेला.

‘दात कुठाय?’

‘यात.’

‘एवढ्या दुधात?’

‘ताई, तुम्ही किती ते सांगितलं न्हाई.’

ताईंनी पँट्रीतून चहाची गाळणी आणली आणि स्वतः उभं राहून बेसिनवर ती किटली गाळायला सुरुवात केली. बाकावरचे सगळे उठून उभे राहिले. आईच्या तोंडात तेव्हा कवळीच्या मापाचं साहित्य होतं, ती तशीच दारात आली. अर्धी किटली गेली, दात नाही. बापाचा चेहरा पडत चालला. तळाशी पाव लिटर उरलं असताना गाळणीत टिक असा आवाज झाला आणि एक म्हातारे गृहस्थ चक्क टाळ्या वाजवायला लागले. ताईंनी त्यांना बसा म्हणून हात केला. डॉक्टरांनी दात बसवला, शेजारच्या दातांना बारीक तारेनं बांधला, धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायला पाठवलं. दोनेक आठवड्यांनी तार काढायची, पुढं त्या दाताचं रूट कॅनल. पोरगं आता कॉलेजात जातं आणि त्याच दातानं ऊस सोलतं. हे कळल्यापासून ताई त्याच्याशी बोलत नाहीत.

ही बातमी पेठेत पसरायला वेळ लागला नाही. पुढच्याच आठवड्यात एक आजोबा नातीला घेऊन आले, पेल्यात दूध, दुधात दात. नात सहा वर्षांची. ताईंनी पेल्यात डोकावून बघितलं. ‘हा दुधाचा दात आहे, आजोबा. हा परत बसवत नसतात, खालून येणाऱ्या पक्क्या दाताला इजा होती. उंदराला द्या.’ आजोबांना पटलं नाही. त्यांच्या म्हणण्यानुसार दुधाच्या दातावर दुधाचा हक्क जास्त होता.

आता त्या मास्तरांचं सांगतो. निवृत्त शिक्षक, सभ्य माणूस, कधी कुणाला त्रास न देणारा. शनिवारी दिवेलागणीला फोन आला. ‘काही घाई नाही ताई. दुखत फारसं नाही. जरा हनुवटीखाली जड वाटतंय. सोमवारी सवडीनं येईन म्हणतो.’ आयुष्यात पहिल्यांदा पेशंट स्वतःहून सोमवार मागत होता. ताईंनी तो द्यायला हवा होता. पण त्या वहीकडं बघतच नव्हत्या. मास्तर तोंडात गरम भजं धरून बोलावं तसं बोलत होते.

‘मास्तर, तीन बोटं घाला बघू तोंडात.’

थोडा वेळ गेला. ‘एक जातंय.’

‘थुंकी गिळताय?’

‘थुंकतोय अधूनमधून. पण ते काय, वय...’

‘घरात कोण आहे? त्यांना फोन द्या. मास्तर, तुम्ही इकडं यायचं नाही. सोमवारी नाही, आत्ता नाही, कधीच नाही. सरळ मिरजेला मोठ्या दवाखान्यात जायचं, गाडी करून, झोपायचं नाही, बसून जायचं.’

मास्तर दुखावले. मुलाला म्हणाले म्हणे, बाई उद्धट आहे. मिरजेत जुन्या मिशन दवाखान्याच्या वानलेस डॉक्टरांच्या काळापासून लोक कुठून कुठून औषधाला येतात. सांगलीकर तिथं जायचं म्हटलं की आपलं काहीतरी मोठं निघालं असं समजून घाबरतात, म्हणून मास्तरांना जायचं नव्हतं. मुलानं उचलून गाडीत घातलं. खालच्या अक्कलदाढेचा पू जिभेखाली आणि हनुवटीखाली दोन्ही बाजूंना उतरला होता. अशी सूज जीभ वर ढकलते, घसा आवळत नेते आणि काही तासांत श्वास बंद करू शकते. 1836 साली लुडविग नावाच्या जर्मन डॉक्टरांनी याचं वर्णन केलं म्हणून त्यांचंच नाव त्याला आहे. प्रतिजैविकं यायच्या आधी यातले निम्म्याहून जास्त रोगी दगावायचे. मास्तरांना त्या रात्री चिरा देऊन पू काढला, श्वासावर पहारा ठेवला. आणि दुखत किती होतं? फारसं नाही. ते खोटं बोलत नव्हते.

मास्तर पुढं बरे होऊन आले तेव्हा भडंगाचा मोठा पुडा घेऊन आले. ताईंनी तो घेतला आणि विचारलं, ‘दाढ दुखायला कधी लागली होती, खरं सांगा.’ मास्तर म्हणाले, दिवाळीत. ‘कुठल्या?’ ताईंनी विचारलं. मास्तरांनी भडंगाकडं बघितलं.

दवाखान्याच्या जिन्यावर एक दुसरी गंमत होते, ती गंमत नव्हे. कुणी म्हणतं, डावीकडची दाढ दुखते, पण सारखी नाही, जिना चढला की. वर येऊन बाकावर बसलं की थांबते. दात बघावेत तर धडधाकट. ताई अशा माणसाच्या कपाळाकडं बघतात. घाम असला, हात छातीवर किंवा खांद्यावर गेलेला असला, की त्या वही मिटतात आणि रिक्षा बोलावतात. जिन्यावर दुखणारी दाढ ही दाढ नसते, हृदयाचं दुखणं कधी कधी जबड्यात निघतं. आमच्या दवाखान्याला लिफ्ट नाही याचा हा एक फायदा.

या सगळ्यानं ताई कुणी प्रेमळ बाई आहेत असा समज होऊ नये. त्या प्रेमळ नाहीत. नगरसेवकाचा माणूस ‘साहेबांचं नाव’ घेऊन आला की त्या साहेबांचं नाव पेन्सिलीनं लिहितात. वरचा दात काढला की नजर जाते असं म्हणणाऱ्या बाईंना त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लावलं होतं, आणि ‘बाई, तुमची नजर दात असतानाच गेलीय’ असं सगळ्यांदेखत सांगितलं होतं. दात काढून गेलेला माणूस रात्री रक्त येतंय म्हणून फोन करतो, तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न, ‘किती वेळा थुंकलात?’ थुंकी आणि थेंबभर रक्त मिळून बादलीभर दिसतं. थुंकलं, चुळा भरल्या, सारखं आरशात बघितलं की धरलेली गाठ निघते आणि परत रक्त येतं. ‘स्वच्छ कापड घडी करून त्या जागी ठेवा, अर्धा तास दाबून चावा. मध्ये उघडून बघायचं नाही, कुणाला दाखवायचं नाही, मला सांगायला फोन करायचा नाही. अर्ध्या तासानंही भळभळत असंल तर मात्र लगेच करा.’ ती मधली तीस मिनिटं माणसाला फार जड जातात. आपल्याकडं न थुंकणं हाच मोठा उपचार आहे.

आता सांगायचा राहिला तो मागच्या पावसाळ्यातला एक दिवस. ताईंची स्वतःची दाढ. त्या दर सहा महिन्यांनी दाखवून घेतात, वहीत स्वतःचं नाव निळ्या शाईत लिहितात, आपल्या वेळेला टेबलामागून उठून बाकावर येऊन बसतात आणि डॉक्टरांनी बोलावल्यावर आत जातात. पैसे देतात, पावती मागतात. त्या दिवशी खालच्या दाढेत मोठं भरायचं होतं. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं आणि बधिर व्हायला दहा मिनिटं थांबायला सांगितलं. बाहेर फोन वाजू लागला. उचलायला कुणी नाही. डॉक्टर रिकामे होते, त्यांनी उचलला.

डॉक्टर सज्जन आहेत. ‘बोला’ त्यांना जमलं नाही, ‘नमस्कार’ म्हणाले. पलीकडून जीव जातोय ऐकल्यावर त्यांना फार वाईट वाटलं. म्हणाले, ‘या की.’ परत वाजला. ‘या की.’ दहा मिनिटांत त्यांनी किती जणांना या की म्हटलं ते त्यांनाही सांगता आलं नाही. पेठ जवळच आहे. अर्ध्या तासात बाक भरला, जिना भरला, खाली हळदीच्या पोत्यांवर माणसं बसली. बाटलीवाला एक, हळद लावलेले तिघे, थुंकणारा एक, कॅप मुठीत धरून आलेला एक, आणि प्रत्येकाला डॉक्टरांनी स्वतः बोलावलेलं. डॉक्टर दारात आले, गर्दी बघितली आणि आत जाऊन ताईंच्या खुर्चीशेजारी उभे राहिले.

ताई उठल्या. गळ्यात कागदी रुमाल, अर्धा ओठ लोंबलेला, अर्धी जीभ बधिर. बोलायला गेल्या तर ‘ओआ’ असं काहीतरी आलं. गर्दीला बरं वाटलं असावं, एकदोघे हसले. ताईंनी उजव्या हाताची तीन बोटं उभी केली आणि बाकाच्या टोकापासून सुरुवात केली. प्रत्येकासमोर तीन बोटं, मग गालाला उलट्या हाताचा स्पर्श, मग पुढचा. बाटलीवाल्याच्या बाटलीवर लाल पेनानं 2 लिहिलं. थुंकणाऱ्याच्या हातात घडी केलेलं कापड दिलं आणि त्याचं तोंड स्वतःच मिटवलं. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर एक पोरसवदा मुलगी बसली होती, शेतावरून आलेली, डोक्यावरून पदर ओढलेला. कुणाशी बोलत नव्हती, पुढं घुसत नव्हती, नंबर मागत नव्हती. ताईंनी पदर एका बोटानं वर केला. गाल डोळ्यापर्यंत चढलेला, डोळा अर्धा मिटलेला, अंग तापलेलं. तिला दंडाला धरून त्या वर घेऊन आल्या आणि आपल्याच खुर्चीवर, अजून आपल्या अंगाची ऊब असलेल्या त्या खुर्चीवर बसवलं.

कॅपवाल्या गृहस्थांना हे सहन झालं नाही. आपण सगळ्यांत आधी आलो, डॉक्टरांनी स्वतः बोलावलंय, कॅप मुठीत आहे, पैसे खिशात आहेत, आणि ही मुलगी तर नंबरातच नाही, असं ते खालच्या पोत्यांवरच्या माणसांनाही ऐकू जाईल अशा आवाजात सांगू लागले. ताईंनी त्यांचं सगळं ऐकून घेतलं. उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण जीभ ऐकेना. मग त्यांनी टेबलाकडं जाऊन वही ओढली, मागचं कोरं पान उघडलं, लाल पेनानं मोठ्या अक्षरात लिहिलं आणि वही त्यांच्यापुढं धरली.

‘ओरडता येतंय म्हणजे तोंड उघडतंय. बसा.’